भिंत नसलेली चाकोरी

श्रावणात वावरातून बंडी घरी आणायची म्हणजे आजोबांना कासरा नुसता हातात धरून बसावं लागायचं. ओढायला बैल होते आणि वाट दाखवायला चाकोरी होती. दर्यापूरकडची काळी माती भिजली की लोण्यासारखी होते. वर्षानुवर्षं लोखंडी धावेची चाकं एकाच जागेवरून गेली की पांदणीत दोन खोल चर पडतात. चाक एकदा त्या चरात उतरलं की पांदण वळेल तशी बंडी वळायची. बैलांनी मान भलतीकडे नेली तरी चाकं ऐकत नसत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका वळणावर बैल बुजले, डावं चाक चराच्या काठावर चढलं आणि अख्खी बंडी तिरपी घसरत धुऱ्याला जाऊन टेकली. आजोबा उतरले, चाकाला खांदा लावला आणि म्हणाले, "चाकोरी सुटली की बंडी आपल्या हातची राह्यत नाही, पोट्ट्या."

बारावीला भौतिकशास्त्रात वर्तुळाकार गती शिकताना मला हे वाक्य आठवलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलं नाही. वळणावरच्या गाडीबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे, ते त्या चिखलातल्या चरापासून सुरू होतं.

चाकोरी बंडीला वळवते ती कशी? चराला बाजूची भिंत असते. बंडीचा कल सरळ जाण्याचा, पण सरळ जाऊ लागलं की चाक भिंतीला घासतं आणि भिंत त्याला आत लोटते. घटकाघटकाला मिळणाऱ्या या लोटण्यातूनच वळण घडतं. मूर्तिजापूरहून बनोसा, अंजनगाव करत अचलपूरला जाणारी आमची शकुंतला रेल्वे याच तत्त्वावर वळायची. तिचे रूळ अवघ्या ७६२ मिलीमीटर अंतरावर. चाकाच्या आतल्या अंगाला लोखंडी कडा असते, ती रुळाला टेकते आणि रूळ गाडीला आत लोटतो. वळणावर बाहेरचा रूळ थोडा उंच ठेवतात, म्हणजे लोटण्याचं काही काम उतारच करतो. अकोला-खांडवा मीटरगेजवर धूळघाटजवळ रूळ सातपुडा चढताना वेटोळं घालून स्वतःच्याच वरून जायचा. तिथेही गाडी वळायची ती रूळ तिला वळवायचा म्हणून. रूळ ही माणसाने लोखंडात घडवलेली चाकोरीच. भिंत इथेही आहे.

आता दर्यापूर-अंजनगाव डांबरी रस्त्यावरचं एखादं वळण डोळ्यांसमोर आणा. चर नाही, रूळ नाही, चाकाला कडा नाही. वर गुळगुळीत रबर, खाली सपाट डांबर. तरीही दहा क्विंटलची मोटार त्या वळणावरून रोज सुखरूप वळते. तिला आत कोण लोटतं?

आपल्या बोलण्यात या प्रश्नाचं उत्तर उलटं बसलेलं आहे. "वळणावर गाडी बाहेर फेकली गेली," असं आपण म्हणतो. बसमध्ये खिडकीकडे दबलो की कुणीतरी बाहेर ढकललं असं अंगालाही वाटतं. पण रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहणाऱ्याला तसं काही दिसत नाही. न्यूटनने १६८७ साली मांडलेला पहिलाच नियम असा, की चालती वस्तू कुणी अडवलं-वळवलं नाही तर त्याच वेगाने नाकासमोर जात राहते. गाडी वळली आणि तुमचं शरीर मात्र नाकासमोर जात राहिलं, एवढंच बसमध्ये घडतं. खिडकी तुमच्याकडे आली, तुम्ही खिडकीकडे गेला नाहीत. गाडीचंही तसंच. तिला बाहेर ओढणारी कोणतीही शक्ती रस्त्यावर नसते. सरळ जाणं हा तिचा स्वभाव आहे. वळायचं असेल तर वर्तुळाच्या केंद्राकडे लोटणारं बल कुणीतरी सतत पुरवावं लागतं. दहावीच्या पुस्तकात दोरीला बांधलेला दगड फिरवून दाखवतात आणि या बलाला अभिकेंद्री बल म्हणतात. दगडाला ते दोरी पुरवते, बंडीला चराची भिंत, शकुंतलेला रूळ. मोटारीला ते पुरवतं टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. दुसरं कुणीही नाही. स्टिअरिंग फक्त पुढची चाकं तिरपी करतं. त्या तिरप्या चाकांना रस्ता धरून ठेवतो म्हणून गाडी वळते. रस्त्याने धरलं नाही तर स्टिअरिंग कितीही फिरवा, चाकं तिरपी होतील आणि गाडी सरळ जाईल.

म्हणून डांबरी रस्त्याला मी भिंत नसलेली चाकोरी म्हणतो. भिंतीचं काम घर्षण करतं, पण ते दिसत नाही आणि किती मजबूत आहे हे हात लावून कळत नाही.

ही न दिसणारी भिंत किती रुंद असते ते पाहू. दहा क्विंटलच्या मोटारीचं प्रत्येक चाक साधारण अडीचशे किलो भार उचलतं. टायरमधली हवा नेहमीच्या दाबाने भरलेली असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भार पेलते. अडीचशेला सव्वादोनने भागलं की एकशेदहा चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे एक तळहात. चार चाकांचे चार तळहात. घरातली माणसं, पोरंबाळं, डिकीतलं सामान असं सगळं घेऊन वळणारी गाडी रस्त्याला चार तळहातांनी धरून असते.

त्या तळहातात आणखी एक गोष्ट घडते, ती कळल्यावर मी कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांकडे पाहत राहिलो होतो. गाडी साठच्या वेगाने धावते, चाक गरगर फिरतं, पण चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला आहे तो त्या क्षणी जमिनीवर जवळजवळ स्थिर असतो. आपण चालताना टेकलेलं पाऊल स्थिर असतं आणि शरीर पुढे जातं, तसंच. चाक म्हणजे एकामागून एक टेकणारी असंख्य पावलं. पाऊल स्थिर आहे तोवर पकड घट्ट असते. ते घसरू लागलं की पकड एकदम कमी होते, आणि कोणत्या दिशेला जायचं हेही ते विसरतं. स्थिर घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असतं, हे कूलोम या फ्रेंच अभियंत्याने अठराव्या शतकात मोजून दाखवलं. पावसाळ्यात पांदणीतून चालणाऱ्याला ते मोजावं लागत नाही. पाय सरकायच्या आधी सावरता येतं, सरकल्यावर येत नाही.

आता हिशेब करू. बल मोजायला न्यूटन हे एकक आहे, पण आपण कापसाच्या मुलखातली माणसं, म्हणून क्विंटलमध्येच मोजू. एक क्विंटलचं पोतं जेवढ्या जोराने खाली ओढतं, तेवढा जोर म्हणजे एक क्विंटल. वळण घेऊ ३० मीटर त्रिज्येचं. एक एकराच्या चौरस वावरात आतून टेकेल असं वर्तुळ काढलं तर त्याची त्रिज्या साधारण एवढीच येते. आमच्याकडचे कितीतरी रस्ते पांदणीचेच वाढून डांबरी झालेले आहेत. ते धुऱ्याधुऱ्याने जातात आणि वावर संपलं की काटकोनात वळतात, त्यामुळे सपाट मुलखातही अशी आखूड वळणं भेटतात.

या वळणावर दहा क्विंटलची मोटार ताशी २० किलोमीटरने गेली तर तिला आत लोटायला साधारण एक क्विंटल जोर लागतो. वेग ४० केला, म्हणजे दुप्पट केला, तर मन म्हणतं दोन क्विंटल लागतील. लागतात चार क्विंटलच्या वर. वेग ६० केला तर साडेनऊ. वेग तिप्पट, मागणी नऊपट. वेगाचा वर्ग म्हणतात तो हा, आणि या विषयातली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. काट्यावर ४० चे ६० झाले की डोळ्यांना दिडीचा फरक दिसतो. टायरखाली तो सव्वादोन पट असतो.

मागणी अशी वर्गाने वाढते, पण पुरवठा तेवढाच राहतो. चांगल्या टायरची कोरड्या, धड डांबरावरची पकड गाडीच्या वजनाच्या सात दशांश धरू, म्हणजे सात क्विंटल. तोच रस्ता ओला झाला की चार. त्यावर चिखलाचा लेप असेल तर दोन, कधी त्याहूनही कमी. आता वरचे आकडे यांच्याशेजारी मांडा. ताशी ४० ला सव्वाचार क्विंटल हवेत. कोरड्यात सात आहेत, गाडी मजेत वळते आणि चालवणाऱ्याला वाटतं की हे वळण चाळीसचं आहे. तोच माणूस त्याच गाडीने, त्याच वेगाने, पावसाची सर पडून गेल्यावर तिथे येतो. हवेत सव्वाचार, आहेत चार. काल आणि आज यांच्यात त्याच्याकडून काहीच चुकलेलं नाही. भिंतच खाली आलेली आहे, आणि ती दिसत नाही.

काळ्या मातीच्या मुलखात ही भिंत किती कारणांनी खाली येते! खरिपाच्या दिवसांत वावरातून निघालेला ट्रॅक्टर चाकांच्या खाचांत दोन-दोन घमेली माती घेऊन डांबरावर येतो आणि पुढचे शे-दोनशे मीटर ती सोडत जातो. ती वाळली की कुणाच्या लक्षात राहत नाही. पहाटेच्या दवाने किंवा चार थेंबांनी ती पुन्हा लोणी होते. ही माती पाणी धरून फुगणारी, बोटांत चोळली तर साबणासारखी लागणारी. दुचाकीवाल्याला तिची खरी ओळख होते, कारण त्याच्याकडे तळहात दोनच, आणि पुढचा सुटला की सावरायला वेळच नसतो. सुगीत रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळायला घातलेलं सोयाबीन असतं. गोल दाणे टायरखाली छऱ्यांसारखे फिरतात. मृगाच्या पहिल्या पावसात आणखी एक गोष्ट होते. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, तेल, रबराचा चुरा यांचा पाण्याबरोबर काला होतो. धो-धो पाऊस तो धुऊन नेतो, पण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांची रिमझिम तो नुसता पसरवते. म्हणून जोराच्या पावसापेक्षा सुरुवातीच्या भुरभुरीत जास्त जपायला हवं.

डांबराचं स्वतःचंही एक वय असतं. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत एकेरी मार्गिकेचे ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज नोंद झाली. नवा काळाभोर रस्ता पाहून आपल्याला वाटतं की पकड सगळ्यात चांगली ती नव्या रस्त्याची. खरं तर पकड देतात त्या खडीच्या खरबरीत कडा. अगदी नव्या रस्त्यावर खडीला डांबराचा पातळ थर असतो. तो वाहतुकीने घासून जातो तेव्हा कडा उघड्या पडतात आणि पकड वाढते. पुढे बरीच वर्षं गेली की त्याच कडा घासून गुळगुळीत होतात. वळणावर हे लवकर घडतं, कारण टायर रस्त्याला सगळ्यात जास्त तिथेच घासतात. जिथे पकड जास्त लागते तिथेच ती आधी झिजते.

इथे एक शंका नेहमी येते आणि ती रास्त आहे. भरलेली गाडी रस्त्यावर जास्त दाबून बसते, मग ती कमी घसरायला नको का? जास्त दाबून बसते हे खरं. चार माणसं आणि सामान मिळून चार क्विंटल चढले तर कोरड्या रस्त्याची पकड सातावरून जवळजवळ दहा क्विंटलवर जाते. पण वळवायचं वजनही दहाचं चौदा झालेलं असतं, म्हणून मागणीही त्याच प्रमाणात वाढते. दोन्हीकडे वजन येतं आणि छेद जातो. घसरण्याचा वेग वजनाने फारसा बदलत नाही. रिकाम्या मोटारीला जी मर्यादा, साधारण तीच भरलेल्या मोटारीला.

वजन कुठे आहे, याने मात्र फार बदलतं. दिवाळीनंतर दर्यापूरच्या जिनिंगकडे येणाऱ्या गाड्या पाहा. कापूस हलका, म्हणून तो रचतात उंच. ट्रकच्या फळ्यांच्याही वर पुरुष-दीड पुरुष ढीग, वरून जाळी, कडांना पोतं. घर्षण या गाडीला आत लोटतं ते जमिनीजवळ, टायरच्या बुडाशी. सरळ जाण्याचा हट्ट धरणारं वजन मात्र वर, दोन-सव्वादोन मीटर उंचीवर असतं. पाय आत ओढले जातात आणि डोकं सरळ जात राहतं. आतली चाकं हलकी होतात, मग उचलली जातात. दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर १ मीटर ८० सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य २ मीटर २० सेंटिमीटर उंच धरला, तर आपल्या ३० मीटरच्या वळणावर ही गाडी ताशी ४० च्या आतच उलटते. म्हणजे कोरड्या रस्त्यावर घसरण्याची पाळी येण्याआधी. मोटारीला वाचवणारी घट्ट पकडच इथे गाडी उलटवते. स्प्रिंगा दबून ढीग बाहेर झुकतो तो वेगळाच, त्याने मर्यादा आणखी खाली येते. अशी गाडी वळणावर जवळजवळ थांबल्यासारखी चालते तेव्हा मागून हॉर्न वाजवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. तो डायवर सुस्त नाही. तो आपल्या ढिगाची उंची पाठीने मोजत असतो.

अशाच एका कापसाच्या मेटाडोरवर वीस-बावीस वर्षं काढलेल्या गृहस्थांनी, मी गाडी शिकत असताना, मला एक गोष्ट सांगितली होती: "वयनावर बिरेक दाबू नोको भाऊ, वयनाच्या आंधी दाब." मी विचारलं का, तर म्हणाले, "एका टायमाले एकच काम सांगाव चाकाले." भौतिकशास्त्राच्या भाषेत याला फार तर एक चित्र जोडता येईल. टायरकडे सात क्विंटलची एकच पुंजी आहे. वळणं आणि थांबणं हे दोन्ही खर्च तिच्यातूनच होतात. दोन्ही दिशा काटकोनात असल्याने बेरीज साधी होत नाही, कर्णाच्या हिशेबाने होते. ताशी ४० ला वळण्यात सव्वाचार क्विंटल गेले तरी ब्रेकसाठी साडेपाचच्या वर उरतात. चांगली शिल्लक आहे. ताशी ५० ला वळण्यातच साडेसहा जातात आणि ब्रेकला उरतात जेमतेम अडीच. तेवढ्यात म्हैस आडवी आली आणि पाय जोरात दाबला गेला, की चाकं जाम होतात. जाम चाकाला दिशा नसते. ते पाऊल नसून घसरगुंडी असते आणि गाडी ज्या दिशेने जात होती त्या दिशेने, म्हणजे नाकासमोर, निघून जाते. नव्या मोटारींतलं एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणजे पाऊल पाऊल राहू देतं. पण पुंजी वाढवणं त्याच्याही हातात नाही. सातचे आठ ते करू शकत नाही.

चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना हीच ओढाताण सतत चालू असते. आम्ही दर्यापूरची माणसं परतवाडा, धामणगाव गढीवरून वर जातो. पावसाळ्यात धुकं पाहायला तर हमखास. घाटाच्या पायथ्यापर्यंत अख्खा रस्ता सपाटीचा असल्याने हाताला सवय सरळ रस्त्याची. उतारावर ब्रेकची थोडी पुंजी कायम खर्च होत राहते आणि उरलेल्यातून वळायचं असतं. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि वळणाच्या तोंडाशी येण्याआधी वेग पाडून ठेवायचा. घाटातल्या केसाच्या आकड्यासारख्या वळणांना इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात आतली त्रिज्या किमान १४ मीटर आणि वेग ताशी २० किलोमीटर धरलेला आहे. तिथे ४० ने गेलं तर वजनाच्या नऊ दशांश जोर लागेल. तेवढी पकड कोरड्यातही नसते, मग धुक्याने भिजलेल्या रस्त्यावर कुठून येणार!

या संस्थेचं मूळ एका मराठी माणसापर्यंत जातं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. वळणं कशी बांधावीत याचे तिचे नियम रुक्ष तक्त्यांत आहेत, पण एक तक्ता मला नेहमी थांबवतो. कोरडं डांबर वजनाच्या सात दशांश पकड देतं हे अभियंत्यांना चांगलं ठाऊक असतं. तरीही वळण आखताना ते घर्षण धरतात फक्त ०.१५. सातातला दीड! बाकी वळवण्याचं काम रस्त्याची बाहेरची कड उचलून, उतारावर सोपवतात. हा उतार सपाट मुलखात जास्तीत जास्त सात टक्के. त्याहून जास्त दिला तर सावकाश जाणारी उंच भरलेली गाडीच आत कलायची. या नियमाने आपल्या ३० मीटरच्या वळणाचा वेग येतो ताशी २९ किलोमीटर. फलकावर ३० लिहिलेलं असतं ते इथून.

आता त्या ३० ला आपल्या क्विंटलमध्ये मोजू. ताशी ३० ला मागणी सव्वादोन क्विंटलहून थोडी जास्त. त्यातले पाऊण क्विंटलच्या आसपास उतार उचलतो. टायरवर उरतात दीड-पावणेदोन. कोरड्या रस्त्याकडे सात आहेत, ओल्याकडे चार, आणि ट्रॅक्टरने चिखल सांडलेल्या रस्त्याकडे दोन. दोन असले तरी निभतं. हा आकडा काढणाऱ्याने कोरड्या दुपारचा विचार केलेला नाही. त्याने पहाटेचं दव, सांडलेली माती, झिजलेलं टायर आणि न दिसणारं सगळं धरून भिंत किती खाली येऊ शकते ते पाहिलं, आणि त्या सगळ्यात खालच्या भिंतीला पुरेल एवढा वेग लिहिला. कोरड्या दुपारी तिथून ४५ ने गेलेल्याला फलक खोटा वाटतो, कारण त्या दुपारी तो जिंकलेला असतो. फलक त्या दुपारसाठी लिहिलेलाच नसतो.

दुःख याचं, की आमच्या मातीत तो उतार टिकवणं कठीण जातं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा देते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. उचललेली बाहेरची कड हळूहळू बसते. काही वळणांवर ती पहिल्यापासून उचललेलीच नसते. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता बांधलेला असतो, आणि तोच आकार वळणातही तसाच नेलेला असतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणून उजव्या वळणावर आपण बाहेरच्या अंगाला असतो. तिथला उतार बाहेरच्या दिशेने असेल तर तो मदत करायचं सोडून आपल्याच वाट्याचे पाव क्विंटल घेऊन जातो. पायी चालत अशा वळणावर थांबलं तर ते डोळ्यांना दिसतं. पावसाचं पाणी कोणत्या कडेकडे वाहतं ते पाहावं. आतल्या कडेकडे वाहत असेल तर वळण आपल्या बाजूने आहे.

बहिरमच्या जत्रेसारख्या जत्रांत पोरं मौत का कुआ पाहायला गर्दी करतात. तिथे हाच खेळ उलटा चालतो, म्हणून दोन शब्द. लाकडी विहिरीची भिंत उभी आणि मोटारसायकल तिच्यावरून आडवी धावते. आत लोटायला खरीखुरी भिंत आहे, त्यामुळे त्याची चिंता नाही. घर्षणावर काम पडतं ते वजन पेलण्याचं. वेग जितका जास्त तितकी गाडी भिंतीला दाबली जाते आणि तितकं घर्षण वाढतं. पाच मीटर त्रिज्येच्या विहिरीत, सात दशांश पकड धरली तर, ताशी ३० च्या खाली गेलेला माणूस पडतो. तिथे तीस ही खालची मर्यादा, आपल्या वळणावर तीस ही वरची. भिंत असली की वेग तारतो, भिंत नसली की तोच मारतो. बारावीच्या पुस्तकात हा कुआ आणि वळणावरची मोटार पहिल्याच प्रकरणात शेजारी-शेजारी आहेत. शिकवताना दोन्ही एकत्र उभे केले तर पोरांच्या लक्षात कायमचं राहील.

आमच्या अमरावती जिल्ह्यातूनच समृद्धी महामार्ग जातो. तिथे मोटारींना १२० ची मर्यादा आहे. तेवढ्या वेगाला आपल्याच हिशेबाने पाचशे मीटरच्या वर त्रिज्या लागते, आणि म्हणून तिथली वळणं इतकी लांबट असतात की वळतोय हेही जाणवत नाही. तास-दोन तास तसं चालवून माणूस खाली उतरला की ६० त्याला रांगल्यासारखं वाटतं. डोळा वेग मोजतो तो मागच्या वेगाशी ताडून. टायर मोजतं ते त्रिज्येशी ताडून. साठने रांगत तो आपल्या एकराच्या वळणावर येतो, जिथे साडेनऊ लागतात आणि सात आहेत.

अशा एका वळणाशी मी मधूनमधून थांबतो. तिथे डांबरावर जुन्या-नव्या काळ्या खुणा आहेत. कुणी बाहेर फेकलं असतं तर त्या वळणाच्या उलट दिशेला वाकल्या असत्या. त्या जवळजवळ सरळ आहेत. जिथे पकड सुटली त्या बिंदूपासून, पट्टीने आखावी तशी रेघ साईडपट्टी ओलांडते, धुऱ्यावरच्या रायमुनियाचं झुडूप मोडते आणि कपाशीच्या दोन तासांत शिरते. पुढे ओल्या मातीत चाकं रुतली आणि त्यांना दोन्ही बाजूंनी भिंती मिळाल्या. तिथे गाडी थांबली. वावरवाल्याने मोडकी झाडं उपटून त्या जागी तूर लावली आहे, आणि ते दोन चर अजून बुजलेले नाहीत.